प्रोस्टेटच्या उपचारात दुखावलेल्या नसा : वाचकांचे प्रश्न

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाविषयी येणाऱ्या पत्रांत खरा प्रश्न बहुतेकदा शेवटच्या ओळीत असतो, तोही अर्धवट. इथे तो पुरा विचारला आहे असं धरून उत्तरं देतो. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. खाली नस म्हणजे मज्जातंतू.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी रोबोटने ऑपरेशन झालं. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाची रक्तातली खूण) शून्याजवळ आहे, लघवीवर ताबा आला आहे. लिंगाची ताठरता मात्र अजिबात नाही, त्यासाठीच्या गोळ्यांचाही उपयोग झाला नाही. नसा पुन्हा वाढवणारं औषध अमेरिकेत निघाल्याची बातमी मुलाने पाठवली. ते कधी मिळेल? (वय ५८, नाशिक)

उत्तर : बातमी खोटी नाही, पण ती उंदरांची आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या डेव्हिड शार्प आणि केल्विन डेव्हिस यांच्या गटाने २०२१ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. पेशीच्या आत सूक्ष्मनलिकांचा सांगाडा असतो. नसेचं टोक पुढे सरकतं ते त्याच्याच आधाराने. फिजेटिन-लाइक २ नावाचं एन्झाइम या नलिका छाटतं आणि वाढीला लगाम घालतं. संशोधकांनी त्या एन्झाइमचं जनुक काही काळ गप्प करणारे आरएनएचे तुकडे थेट इजेच्या जागी सोडले. चिरडलेल्या नसा लवकर सावरल्या. तोडलेल्या नसाही पुन्हा वाढू लागल्या आणि ताठरता अंशतः परतली. हे मोठं यश आहे. पण तिथे औषध नस दुखावल्याबरोबर लावलं होतं, आठ महिन्यांनी नव्हे. या प्रयोगाच्या नावावर आज कोणी काही विकत असेल, तर घेऊ नका.

आता तुमच्याबद्दल. ऑपरेशनचे कागद घेऊन सर्जनकडे जा आणि विचारा, ग्रंथीला लागून दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या ताठरतेच्या नसा राखल्या होत्या का? न कापलेली नससुद्धा ओढली जाते, भाजते आणि मग बरेच महिने मुकी राहते. नसेच्या वाढीचा वेग दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर असतो. सावरायला दीड-दोन वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. आठ महिन्यांवर निकाल लावू नका.

गोळी का चालली नाही, तेही समजून घ्या. नसेच्या टोकातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि गोळी त्याचा परिणाम टिकवून धरते. संदेशच येत नसेल तर टिकवणार काय? म्हणून काही महिन्यांनी तीच गोळी पुन्हा करून पाहावी, डॉक्टरांना विचारूनच. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेत असाल तर मात्र मुळीच नको. तोवर व्हॅक्यूम पंप किंवा लिंगात घ्यायचं इंजेक्शन हे मार्ग आहेत, त्यांना जिवंत नस लागत नाही. रोज गोळी घेतल्याने नस लवकर बरी होते का, हे टॅडालाफिल या ताठरतेच्या गोळीच्या एका मोठ्या चाचणीत पाहिलं होतं. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. नऊ महिने गोळी घेऊन ती थांबवल्यावर फरक उरला नाही.

प्रश्न : यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. नसा वाचवा असं सर्जनना सांगितलं तर आजार मागे राहील का? आणि मी बाई माणूस, हे विचारलेलं बरं दिसेल का? (कोल्हापूर)

उत्तर : ताई, जरूर विचारा. ऑपरेशननंतर विचारण्यापेक्षा आत्ता विचारणं शंभर पटींनी बरं. दुखावलेली नस दुरुस्त करण्याचे सगळे प्रयोग एका बाजूला ठेवा. माणसांमध्ये सर्वांत जास्त उपयोगी पडलं आहे ते नस मुळात न तोडणंच.

१९८१ पर्यंत या नसा नेमक्या कुठून जातात हेच सर्जनना माहीत नव्हतं. त्या ग्रंथीच्या आतून जातात, म्हणजे त्या जाणारच, असा समज होता. त्या वर्षी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे सर्जन पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडनला पीटर डोंकर यांच्याकडे गेले. डोंकर तिथे मृत जन्मलेल्या बाळाच्या शरीरात नसांचं विच्छेदन करत होते. प्रौढ शरीरात चरबीत हरवणाऱ्या नसा तिथे स्वच्छ दिसल्या, ग्रंथीच्या बाहेरून मागच्या कडेने जाणाऱ्या. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी त्या हेतुपूर्वक राखून पहिलं ऑपरेशन केलं.

तुमची भीती मात्र रास्त आहे. गाठ ग्रंथीच्या कवचाबाहेर आली असेल तर त्या बाजूची नस काढावीच लागते, आणि तिथे सर्जनचा शब्द माना. पण हे कळणार कसं? ब्रिटनमधल्या न्यूरोसेफ चाचणीने यावर उत्तर शोधलं. ऑपरेशन चालू असतानाच ग्रंथीची नसेकडची कडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कडा स्वच्छ असेल तर नस राहते, नसेल तर काढतात. २०२५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत वर्षानंतर ताठरतेची तीव्र अडचण या गटात ३८ टक्क्यांना होती, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५६ टक्क्यांना. तुमच्या सर्जनना विचारा : गाठ कोणत्या बाजूला आहे, एमआरआयमध्ये ती कवचाला टेकली आहे का, एक तरी बाजू राखता येईल का? यांना बरोबर घेऊन जा. आत्ता ताठरता कशी आहे हेही खरं सांगू द्या, कारण पुढचं बरंचसं त्यावर ठरतं.

प्रश्न : पायातली नस काढून तिथे बसवतात म्हणे. माझ्या ऑपरेशनला पाच वर्षं झाली. (वय ६६, पुणे)

उत्तर : १९९० च्या दशकात पोटरीची सुरल नस कापलेल्या जागी जोडतुकड्यासारखी बसवू लागले. अमेरिकेतल्या तुलनात्मक चाचणीत, २००९ मध्ये, एका बाजूला अशी नस बसवूनही फायदा दिसला नाही. मेलबर्नच्या सर्जननी वेगळी वाट धरली. त्यांनी मांडीच्या फीमोरल नसेला सुरल नसेचं टोक जोडून दुसरं टोक थेट लिंगाच्या पेशीजालात सोडलं, म्हणजे दुसऱ्याच विहिरीवरून पाट काढला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १७ रुग्णांपैकी १२ जणांना संबंधापुरती ताठरता आली. मला यात दम वाटतो, पण आकडा लहान आहे, तुलनेला दुसरा गट नाही आणि पावलाच्या बाहेरच्या कडेची संवेदना जाते. पाच वर्षांनंतर खात्रीचा उपाय हवा असेल तर लिंगात बसवायच्या इम्प्लांटविषयी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : ‘शॉकवेव्ह आणि स्टेम सेलने नसा पुन्हा जिवंत’ अशी पॅकेजची जाहिरात पाहिली. (ठाणे)

उत्तर : पैसे भरू नका. शॉकवेव्ह म्हणजे ध्वनिलहरींचे धक्के, स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. कर्करोगाच्या ऑपरेशननंतरच्या नसांसाठी यांपैकी काहीही अजून सिद्ध झालेलं नाही. चाचणीत भाग घेण्यासाठी तुमच्याकडूनच मोठी रक्कम मागत असतील, तर तिला चाचणी म्हणू नये.

प्रश्न : वडिलांना डोसेटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाचे चार डोस झाले. बोटांना मुंग्या येतात, शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. (सोलापूर)

उत्तर : चप्पल निसटणं ही महत्त्वाची खूण आहे. ती पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना सांगा, नंतर नको. वर ज्या सूक्ष्मनलिकांचा उल्लेख केला, त्याच डोसेटॅक्सेल गोठवून टाकतं. त्याने कर्करोगाच्या पेशीचं विभाजन अडतं, पण नसेतली रसद नेणारी वाटही तीच असते. म्हणून सर्वांत लांब नसांची टोकं, हातापायांची बोटं, आधी बधिर होतात. डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा थांबवू शकतात. वेदना असतील तर ड्युलोक्सेटिन देतात. बधिरपणासाठी तसं औषध नाही. साखर आणि बी-१२ तपासून घ्या. चप्पल बदलून मागे पट्टा असलेली सॅंडल आणा. रोज रात्री तुम्ही स्वतः त्यांचे तळवे उजेडात पाहा, आणि उन्हात तापलेल्या फरशीवर त्यांना अनवाणी चालू देऊ नका, देवळाच्या आवारातही.