कॉन्वीचा किल्ला पाहायला जाताय?
वेल्समधला किल्ला पहिल्यांदाच पाहणार असाल, तर कॉन्वी निवडा. थेट आत शिरू नका, आधी गावाच्या तटावरून फिरा. सव्वा किलोमीटरहून लांब, 21 बुरुजांच्या या तटाला तिकीट नाही, आणि किल्ल्याचे आठही बुरूज बाहेरूनच खरे देखणे. आतले गोल जिने अरुंद, पावसात निसरडे. चांगली पकड असलेले बूटच घाला.

मनापासून सांगतो, इतिहास वाचून जा. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1283 मध्ये वेल्स जिंकताना हा किल्ला बांधायला घेतला, तोही वेल्श राजा लिवेलिन द ग्रेटचं दफन झालेला मठ इथून हलवून! म्हणून वेल्श राजांचा डोलविडेलन किल्लाही पाहाच. लँडिडनो जंक्शनहून तिथे रेल्वे जाते.