आयव्हीएफमध्ये मुलगा निवडता येतो का? सोलापुरात कुठे करतात?

नाही. सोलापुरात नाही, पुण्या-मुंबईतही नाही. 2003च्या दुरुस्तीपासून पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याने गर्भधारणेआधीची लिंगनिवडही गुन्हा आहे.

तंत्र आहे, हे खरं. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून (यातूनच पुढे वार बनते) पाच-दहा पेशी काढून गुणसूत्रं तपासतात. त्यात लिंग ठरवणारी एक्स-वाय गुणसूत्रंही दिसतात, पण रुग्णाला लिंग सांगायला बंदी आहे. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठणं) किंवा डुशेन (स्नायू क्षीण होत जाणं) यांसारखा लिंगाशी निगडित आजार घराण्यात असेल, तर तो टाळण्यापुरतीच मुभा. त्यासाठी आधी जनुकीय समुपदेशन घ्या आणि नेमका दोष कोणत्या जनुकात आहे हे रक्त तपासून पक्कं करा. तो ठाऊक नसेल तर भ्रूणात शोधणार काय?

‘मुलगाच होईल’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. लिंगनिवडीची मागणी करणाऱ्या नवऱ्याला, नातेवाइकांनाही पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड आहे. बाईवर मात्र दबाव होता, असंच कायदा धरून चालतो; उलट सिद्ध करावं लागतं. सुनेवर घरून जबरदस्ती होत असेल तर हे तिला जरूर सांगा. तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण भागात सिव्हिलच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करा.