रंग चामड्यात मुरावा, वर बसू नये

वाचकांचे प्रश्न : चामडेकाम

द्राक्षछाटणीची कात्री कमरेला अडकवण्यासाठी चामडी कव्हर घरीच शिवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी जास्त आहेत. कापणं आणि शिवणं बहुतेकांना जमलेलं दिसतं. अडचण पुढे आहे, रंग आणि फिनिशिंगमध्ये. त्यामुळे हा अंक त्याच प्रश्नांना दिला आहे.

प्रश्न : तीन मि.मी. जाडीच्या चामड्याचं कव्हर शिवलं आणि स्पिरिटमधला गडद तपकिरी रंग ब्रशने दिला. पाठीवर पट्टे उमटले, शिलाईच्या कडेला फिकट डाग राहिले आणि एक कोपरा जवळजवळ काळा झाला. हे आता सुधारेल का? पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी? (एक वाचक, पिंपळगाव बसवंत)

तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत. शिलाईजवळचे फिकट डाग म्हणजे चिकटवायचं रबर सोल्युशन बाहेर आलेलं आहे. त्याचा पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या आत रंग शिरत नाही. काळा झालेला कोपरा बहुधा कातड्याच्या पोटाकडच्या भागातला असेल. तिथले तंतू सैल असतात आणि जनावराच्या पाठीकडच्या भागापेक्षा जास्त रंग पितात. पट्टे ब्रशने पडले. स्पिरिट काही क्षणांत उडतं, त्यामुळे दुसरा फटकारा पहिल्याच्या वाळलेल्या कडेवर चढतो आणि तेवढ्या पट्टीत रंग दुप्पट होतो.

सोल्युशनचे डाग आधी क्रेप रबराच्या तुकड्याने घासा, पापुद्रा गोळ्या होऊन निघतो. मग स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने सगळं कव्हर पुसून घ्या. वरचा सुटा रंग फडक्यावर येईल आणि पट्टे थोडे विरतील. काळा कोपरा मात्र फिकट होणार नाही. चामड्यात गेलेला रंग परत काढता येत नाही, म्हणून उरलेलं कव्हर हळूहळू त्या छटेपर्यंत न्यायचं, एवढाच मार्ग आहे.

पुढच्या वेळी सुरुवात चामड्यापासून करा. वनस्पतिजन्य कमावलेलं चामडंच घ्या. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, ते याच जातीचं. ओळखायला सोपं आहे : पाण्याचा थेंब टाकला की ते गडद होऊन थेंब शोषतं, आणि कापलेली कड आरपार तपकिरी दिसते. कड आतून निळसर-करडी दिसली तर ते क्रोम चामडं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. ते ओलं करून कात्रीच्या आकारात बसवलं तरी आकार धरत नाही, कडाही घोटून चकाकत नाहीत. बाभळीत कमावलेल्या चामड्याला मुळातच लालसर झाक असते, म्हणून बाटलीवरच्या नमुन्यावर विसंबू नका. त्याच कातड्याच्या कात्रणावर रंग देऊन तो पूर्ण वाळल्यावर बघा.

ओल्या चामड्याला कात्रीचा आकार दिल्यानंतर कव्हर सावलीत, पंख्याखाली किमान २४ तास वाळू द्या. पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. ऊन किंवा गरम हेअर ड्रायर नको, त्याने चामडं ठिसूळ होतं. वाळलंय का हे गालाला लावून कळतं : गार लागलं तर आत ओल आहे. ओलसर चामड्यात रंग एकसारखा जात नाही. मग स्पिरिटच्या फडक्याने पुसा, म्हणजे बोटांचं तेल निघतं. त्यावर नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेलं, चामड्यासाठीचं तेल) अगदी पातळ हात देऊन रात्रभर ठेवा. ही पायरी नवशिके हमखास गाळतात, आणि पट्टे पडण्याचं निम्मं कारण तिथंच असतं. थोडं तेल आत असलं की कोरडे भाग रंग अधाशासारखा ओढत नाहीत.

रंगात तेवढंच स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळा. एका कव्हरला ५० मि.लि. पातळ केलेला रंग पुरे होतो. ब्रश बाजूला ठेवा आणि जुन्या बनियनचा बोळा घ्या. तो पिळून, गोल गोल फिरवत, न थांबता एक बाजू पूर्ण करा. दोन हातांमध्ये १५ ते २० मिनिटं जाऊ द्या. असे तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही चांगले. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळ शेगडी किंवा पेटती विडी नको. स्पिरिटची वाफ पेट घेते.

दोरा पांढराच हवा असेल तर तुकडे आधी रंगवून मग शिवा. चिकटवायची जागा सँडपेपरने खरवडून घ्या, नाहीतर सोल्युशन धरत नाही.

प्रश्न : काळं केलेलं कव्हर पंधरा दिवस झाले तरी पँटला डाग पाडतं. वर फिनिशचा (रंगावरच्या संरक्षक थराचा) आणखी हात दिला की थांबेल का? (एक वाचक, बार्शी)

नाही, उलट फिनिशसकट रंग सुटेल. काळ्यात रंगद्रव्य जास्त असतं. चामड्यात मुरेल तेवढं मुरतं, बाकीचं भुकटी होऊन पृष्ठभागावर राहतं. उजेडात तिरकं धरून पाहिलं तर हिरवट-तांबूस चमक दिसते, ती याच भुकटीची. कोरडं सुती फडकं घेऊन घासा आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत फडकी बदलत राहा. अर्धा तास लागला तरी लागू द्या. मग फिनिश.

नव्याने काळं करताना आधी गडद तपकिरी किंवा गडद निळ्या रंगाचा एक हात द्या. मग काळा रंग कमी लागतो आणि कमी सुटतो. पँटला लागणारी मागची बाजू आतून-बाहेरून न रंगवता सोडली तरी चालतं. ती कोणाला दिसत नाही, आणि घाम सगळ्यात जास्त तिथंच लागतो.

प्रश्न : चामडं भिजवून कात्रीवर बसवलं. वाळल्यावर पात्यांच्या जागी निळे-काळे डाग उमटले. बुरशी आहे का? (एक वाचिका, तासगाव)

बुरशी नाही, लोखंड आहे. वनस्पतिजन्य कमावलेल्या चामड्यात टॅनिन, म्हणजे झाडाच्या सालीतला तुरट घटक, असतो. ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळं संयुग तयार होतं. तुमची कात्री उघडीच आत ठेवलेली दिसते. ओलं चामडं बसवताना कात्री प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये दोन-तीन पदरी गुंडाळायची. त्याने चामडं डागत नाही, पातंही गंजत नाही. लोखंडी घमेल्यात भिजवणं, गंजलेल्या नळाचं पाणी, कानस केल्यावर टेबलावर पडलेली धूळ, या सगळ्यांनीही असेच डाग पडतात.

ताजे डाग लिंबाच्या रसाने जातात. रस लावा, पाच मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा. न गेल्यास अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून बोळ्याने लावा. ते विषारी आहे, हातमोजे हवेत आणि भांडं स्वयंपाकघरातलं नको. फक्त डागावर न लावता ती पूर्ण बाजू भिजवा, नाहीतर डाग जाऊन पाण्याची रेघ राहते. नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसून घ्या. हे सगळं रंग देण्याआधीच करायचं.

हीच क्रिया मुद्दाम घडवून आणली तर उत्तम काळा रंग मिळतो, आणि तो पँटला लागत नाही, कारण इथे वर काही चढवलेलं नसून चामडंच काळं झालेलं असतं. हिराकस (लोहाचा एक क्षार) आणि हिरड्याची काळी शाई याच तत्त्वावर होते. मूठभर स्टील वूल साबणाने धुऊन त्याचं तेल काढा, वाळवा आणि अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका. झाकण घट्ट लावू नका. आत हायड्रोजन तयार होतो, बंद बाटली फुटू शकते. आठ ते पंधरा दिवसांनी दाट कापडातून दोनदा गाळा. चामड्याला आधी कडक चहाचा किंवा हिरड्याच्या काढ्याचा हात द्या, म्हणजे टॅनिन वाढतं. तो सुकत आला की हे गाळलेलं व्हिनेगर लावा. काही मिनिटांत करडा आणि मग काळा रंग येतो.

इथे थांबलात तर चामडं पुढे तडकेल, कारण आम्ल आतच राहतं. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून त्याने पुसा आणि लगेच साध्या पाण्याने पुसा. सोडा जास्त घालू नका, क्षारानेही हे चामडं खराब होतं. थोडी ओल असतानाच तेलाचा हात द्या. तेल मुरल्यावर काळा रंग खरा खुलतो, त्याआधी तो निस्तेजच दिसतो. क्रोम चामड्यावर यातलं काही होत नाही.

प्रश्न : ॲक्रिलिक फिनिश दिलं. एका बाजूला दुधाळ झालं आणि पट्टा अडकवतो तिथे घडीवर भेगा पडल्या. (एक वाचक, निफाड)

हात जाड दिला गेला. जाड थर वरून सुकतो आणि आत पाणी अडकतं, म्हणून दुधाळ दिसतो. दमट दिवशी हे जास्त होतं. घडीवर तोच थर वाकू शकत नाही आणि तडकतो. फिनिशमध्ये निम्मं पाणी घाला. ओल्या स्पंजने एका दिशेने पातळ पुसा आणि गेलेल्या जागी परत जाऊ नका. पुन्हा घासलं की खालचा रंगही उचलला जातो. दोन हात पुरतात, मध्ये तासभर जाऊ द्या. रंगानंतर तेल दिलं असेल तर फिनिशआधी एक पूर्ण दिवस थांबा. तेलकट चामड्यावर थर धरत नाही, पापुद्रे निघतात.

बागेत वापरायच्या कव्हरला ॲक्रिलिकपेक्षा मेण बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. वजनाने एक भाग मधमाशीचं मेण आणि तीन भाग नीट्सफूट तेल. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, थेट आचेवर नको. निवल्यावर मलम होतं. बोटाने थोडंसं चोळा, तासाभराने फडक्याने चमकवा. जास्त लावलं तर एप्रिलच्या छाटणीत उन्हाने चिकट होऊन धूळ धरतं, आणि तेलाने मऊ पडलेलं कव्हर कात्रीला घट्ट धरत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, मग थंडीत पांढरा थर दिसतो. जवसाचं तेल तर नकोच, ते वाळून कडक होतं.

प्रश्न : कडा कितीही घासल्या तरी केसाळ राहतात आणि मधे फिकट रेघ दिसते. (एक वाचक, पुणे)

फिकट रेघ सोल्युशनची आहे. दोन्ही थर एकाच पातळीवर येईपर्यंत २२० नंबरच्या सँडपेपरने घासा, मग ४०० आणि शेवटी ६००. रापीने (चामडं कापायच्या चपट्या सुरीने) किंवा कड मारायच्या हत्याराने दोन्ही कोपरे हलके उतरवा. कड घोटण्याआधीच रंग द्या. घोटलेल्या कडेत तो शिरत नाही. मग पाण्याचं बोट फिरवा, साबणाची कोरडी वडी घासा आणि जाड कॅनव्हासने जोरात चोळा. कड गरम होऊन चकाकू लागेल. शेवटी मेण. पाणी जास्त झालं तर कड चेपून बाहेर फुगते.

प्रश्न : छाटणी संपल्यावर कात्री कव्हरमध्येच ठेवली तर चालेल का? (एक वाचक, विटा)

नको. हे चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि हवेतली ओल ओढतं, म्हणून महिनाभर आत राहिलेलं पातं गंजतं. कात्री पुसून, तेल लावून वेगळी ठेवा. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) उडालं असेल तर कव्हर त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसा, त्यातला चुना क्षारधर्मी आहे. पितळी रिव्हेटभोवती हिरवा थर दिसला तर तो चामड्यातल्या तेलाने आलेला असतो, काडीने खरवडून काढा. कव्हर प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता वारा लागेल असं टांगा. बुरशीचे ठिपके आलेच तर घराबाहेर कोरड्या फडक्याने झटका, स्पिरिटने हलकं पुसा आणि वाळल्यावर मेणाचा एक हात द्या.