डिलिव्हरीवाला पिऊन आला होता असं वाटतंय. तक्रार करावी, की बिचाऱ्याची नोकरी जाईल?

तक्रार करा. तुमच्या प्रश्नातला "बिचाऱ्याची नोकरी जाईल" हा शब्द वाचला आणि मला राहवलं नाही. असंच वाक्य माझ्या घरात, माझ्या तोंडावर बोललं गेलंय आणि मी ते ऐकून गप्प बसले होते.

तुम्ही लिहिलंय की त्याने मिक्सरचं खोकं जिन्यावर आदळलं, तोंडाला वास येत होता आणि गाडी वळवताना शेजाऱ्यांची स्कूटर घासली. माझं काय झालं ते सांगते.

जानेवारी २०२४. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, आदल्या दिवशी यात्रेतला अक्षता सोहळा झालेला, घर पाहुण्यांनी भरलेलं. ताई, दाजी, भाची आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा. नेमका त्याच आठवड्यात जुना फ्रिज बंद पडला म्हणून ऑनलाइन नवा मागवलेला. दुपारी चारपर्यंत येईल असा मेसेज होता. यात्रेत रस्ते वळवलेले असतात, उशीर होणारच, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. छोटा हत्ती टेम्पो आला रात्री पावणेनऊला.

फ्रिज गाडीत आडवा टाकलेला. दोर नाही, खाली साधं पोतंही नाही. आडवा आणला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, मग उभा करून निदान एक दिवस तसाच ठेवावा लागतो, ही गोष्ट रोज फ्रिज पोचवणाऱ्याला मी सांगायची का? ड्रायव्हर उतरला तोच गाडीच्या दाराला धरून. तोंडात बडीशेप कोंबलेली, तरी वास यायचा तो आलाच. खोकं अजून गाडीत आणि हा म्हणतो, "मॅडम, ओटीपी सांगा की लवकर." बरोबरचा क्लीनर पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. तो माझ्या डोळ्याला डोळा देईना.

मी ओटीपी दिला नाही. आधी उतरवा, उघडा, म्हटलं. उघडलं तर दाराच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा पोचा. मी हा घेणार नाही म्हटल्यावर तो काहीतरी पुटपुटत फ्रिज व्हरांड्यातच सोडून गाडीत जाऊन बसला आणि गाडी मागे घेतली ती सरळ आमच्या फाटकाच्या खांबावर. खांबाला लागून पायरी आहे, पायरीपाशी सगळ्यांच्या चपला होत्या. चालताना लाइट लागणारे लहान मुलांचे बूट असतात ना, ते टायरखाली गेले. एका बुटाची लाल लाइट टायरखालून लुकलुकत होती. भाचीचं पोरगं दोन मिनिटांपूर्वी त्याच पायरीवर बसून ते बूट काढत होतं. ताईने तिळगूळ खायला हाक मारली म्हणून आत गेलं होतं.

मी ११२ लावायला मोबाइल काढला. दाजींनी हात धरला. "जाऊ दे की गं. गरीब माणूस हाय. सणासुदीचं कुणाच्या पोटावर कशाला पाय देतीस?" दाजी वयाने मोठे, त्यात पाहुणे, ताई त्यांच्यामागे उभी. मी मोबाइल खाली घेतला. आणि तो माणूस गाडी घेऊन विजापूर रोडच्या दिशेने निघून गेला. यात्रेच्या होम मैदानावरून लोक परतत होते, पोरं खांद्यावर घेऊन. त्या रात्री मला झोप नाही. सकाळी पेपर आला तेव्हा आधी अपघाताच्या बातम्या शोधल्या. तसलं काही छापलेलं नव्हतं, पण तो सकाळचा अर्धा तास मी विसरलेले नाही.

"गरीब माणूस" हा शब्द मला का लागतो तेही सांगते. माझे अप्पा तीस वर्षं टेम्पो चालवायचे. पूर्व भागातल्या कारखान्यांतून चादरींचे, टॉवेलचे गठ्ठे उचलायचे आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात टाकायचे. टेम्पो मालकाचा, पगार बेताचा. अप्पा घेत नव्हते असं नाही. रविवारी घ्यायचे. पण घेण्याच्या आधी टेम्पोची किल्ली आईच्या हातात द्यायचे आणि आई ती ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसून ठेवायची. सोमवारी पहाटे भाकरीला पीठ काढताना किल्ली बाहेर यायची. आई ती पदराला पुसून त्यांना द्यायची, तरी खाचांत पीठ राहायचंच. एकदा रविवारी रात्री मालकाचा माणूस दारात आला. अर्जंट माल आहे, दुप्पट पैसे देतो म्हणाला. आईने डब्याला हात लावला नाही आणि अप्पांनी किल्ली मागितली नाही. पैसे आम्हाला नको होते असं नाही. त्या महिन्यात माझी शाळेची फी थकली होती.

म्हणून मला कुणी सांगू नये की गरिबाला एवढं सांभाळून घ्यावं लागतं. अप्पाही गरीबच होते. पिऊन गाडी चालवणाऱ्याला गरिबीचं नाव देऊन सोडायचं म्हणजे जे गरीब असून शुद्धीत गाडी चालवतात त्यांना काय किंमत दिली आपण? दाजी बँकेतून रिटायर झालेत, टेम्पोवर संसार कसा चालतो हे त्यांना ऐकून माहीत. अजूनही विषय निघाला की म्हणतात, "तू लई ताठ हायेस, झालं नाही ना काही?" झालं नाही, कारण ताईने वेळेवर हाक मारली. ड्रायव्हरचं त्यात काही श्रेय नाही.

त्या रात्री फोन न केल्याने माझं नुकसान काय झालं ते बघा, तुमच्या कामाचं आहे. दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, ड्रायव्हर आमचा नाही, ट्रान्सपोर्टवाल्याचा आहे, आणि तो प्यायला होता याला पुरावा काय? खरंच काय होता? १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, पहिल्याच वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण त्यासाठी तपासणी तेव्हाच व्हावी लागते. सकाळपर्यंत सगळं उतरलेलं असतं. खांबाची भरपाईसुद्धा त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून मागता आली असती, पण पोलिसांत नोंदच नाही म्हटल्यावर कुणाला काय सांगणार? ६,५०० रुपये घालून आम्हीच बांधून घेतला.

फ्रिज मात्र बदलून मिळाला, कारण ओटीपी दिला नव्हता आणि पोच्याचा फोटो काढला होता. ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची, असा २०२० पासून नियम आहे. मी तो नियम मेलमध्ये लिहिला आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार टाकली, तेव्हा हालचाल झाली. तरीही ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. ड्रायव्हर कुणाचा हे त्यांनी आपसात बघावं, पैसे तुम्ही कंपनीला दिलेत.

तुमची घटना कालची आहे, म्हणजे दारूचा पुरावा गेला. तरी खोकं आदळलं ते आणि स्कूटर घासली ते शिल्लक आहे. शेजाऱ्यांना आजच पोलिसांत जायला सांगा आणि सोसायटीचा कॅमेरा असेल तर फुटेज आजच काढून घ्या, काही दिवसांनी त्यावर दुसरं रेकॉर्डिंग चढतं. ॲपवर एक स्टार देऊन गप्प बसू नका. गाडीचा नंबर, वेळ, काय दिसलं, एवढं लेखी द्या. "दारुडा" लिहू नका, "वास येत होता, तोल जात होता" असं लिहा. नोकरी जाईल का? जाईलही. पण ती तुम्ही घालवली असं नाही.

हेही सांगायला हवं की बहुतेक पोरं अशी नसतात. मे महिन्यात ४३ डिग्रीत दारोदार फिरून येणारा मुलगा आमच्याकडे पाणी पिऊनच जातो. आणि झोकांड्या खाणारा प्रत्येक जण प्यायलेलाच असतो असंही नाही. माझ्या जावेला शुगर आहे. ती एकदम उतरली की बोलणं अडखळतं, घाम फुटतो, पाय लटपटतात, बघणाऱ्याला वाटावं प्यायलीय. ऊन लागलं, दोन रात्री झोप नसली, तरी माणूस तसाच दिसतो. म्हणून पहिल्यांदा अंगावर जाऊ नका. बसवा, पाणी द्या, शुगर आहे का विचारा, आणि ११२ लावा, कारण त्याच नंबरवरून पोलीसही येतात आणि रुग्णवाहिकाही. कुणी काही म्हणो, कुणी हात धरो, तोवर गाडीची किल्ली त्याच्याकडे राहू देऊ नका.