२०१७ ची व्ही-क्रॉस देऊन वर १३ लाख घालून हायलक्स घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की तुमच्याकडे २०१७ ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, सव्वा लाख किलोमीटर झालेत, जांबोटीच्या पुढं काजूची बाग आहे, गेल्या पावसाळ्यात पाणंदीत गाडी बसली आणि ट्रॅक्टर लावून टोचन करून काढावी लागली, आणि आता म्हापशाचा एकजण त्याची २०२३ ची टोयोटा हायलक्स पिकअप, मॅन्युअल गिअरची, तुम्हाला द्यायला तयार आहे, तुमची गाडी घेणार आणि वर १३ लाख मागतोय. या भावात तरी नको, असं माझं सरळ मत. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

माझ्याकडं पण तीच जुनी २.५ लिटरवाली व्ही-क्रॉस आहे आणि चंदगडच्या मेव्हण्याकडं हायलक्स आहे, त्यामुळं दोन्ही गाड्या कणकुंबीच्या बाजूच्या चिखलात आणि चोर्ल्याच्या घाटात चालवून झाल्यात. हायलक्स चांगली गाडी आहे यात वादच नाही. पण तुमचा खरा त्रास काय आहे, गाडी जुनी झाली हा की गाडी बसते हा, ते आधी वेगळं काढा, कारण तुमच्या प्रश्नात मला तरी दुसराच त्रास दिसला, आणि त्याला १३ लाख लागत नाहीत.

आपल्या पश्चिमेकडच्या पट्ट्यातली माती बघा, खाली जांभा दगड, वर तांबड्या मातीचा थर, जून-जुलैत तो थर लोण्यासारखा होतो. त्यात कंपनीचे रस्त्यावरचे टायर घातले की नक्षीत माती भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो, मग इंजिन आपलं असू दे नाहीतर हायलक्सचं २०४ पीएसचं, फिरणार ते चाक जागेवरच. तुम्ही टायर कुठले ते लिहिलंच नाही, पण गाडी पहिल्यापासून तशीच आहे म्हणालात म्हणजे २४५/७० आर१६ साइजचे रस्त्याचेच टायर असणार असं धरून चालतो. उद्यमबागेत मी जिथं गाडी दाखवतो तिथला मेस्त्री कुणीही असं विचारत आला की एकच म्हणतो, "गाडी कशाला बदलूलालासा, आधी टायर बघा की." चार चांगले ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीला चालणारे टायर पन्नास-साठ हजारात होतात. चिखलात उतरायच्या आधी हवा १८-२० पीएसआयवर आणायची, बाहेर डांबरीवर आलात की परत भरायची, त्यासाठी सीटखाली एक छोटा कॉम्प्रेसर ठेवायचा. हे केल्यावर तुमची पाणंद निम्मी तरी सोपी होईल. मड-टेरेन, म्हणजे खास चिखलाचे टायर मात्र घेऊ नका असं मी सांगेन, तुमचं बाकीचं चालवणं खानापूर-बेळगाव डांबरीवरच आहे, तिथं ते आवाज करतात, ओल्या रस्त्यावर ब्रेकला तितके चांगले नसतात आणि झिजतात पण लवकर.

आता टायर घालूनही जिथं अडकाल ती जागा म्हणजे चाकोऱ्या. उसाच्या ट्रॅक्टरनी पाणंदीत इतक्या खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात की पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी सैल होतं, जवळपास हवेतच. जुन्या व्ही-क्रॉसला फोर-व्हील आहे, पण त्याचा अर्थ इतकाच की ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलला जाते. प्रत्येक अॅक्सलमधला डिफरन्शियल उघडाच आहे, तो ताकद नेहमी जे चाक सोपं फिरतं त्यालाच देतो, म्हणजे जे हवेत आहे त्यालाच. दोन चाकं गरगर फिरतात, दोन जमिनीवर टेकून गप्प, आणि गाडी तिथंच. हायलक्सला मागं इलेक्ट्रॉनिक डिफ-लॉक आहे, बटण दाबलं की मागची दोन्ही चाकं एकत्र बांधल्यासारखी फिरतात, शिवाय फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाला देणारं ट्रॅक्शन कंट्रोल पण आहे. हा फरक खरा आहे. मेव्हण्याची गाडी अशा ठिकाणी नुसती चालत निघून जाते आणि माझ्या गाडीत मला हँडब्रेकचे दोन-तीन खटके ओढून, हळू ॲक्सिलरेटर देत ओळ शोधावी लागते. लो रेंज, म्हणजे चाकं हळू पण जोरात फिरवणारा फोर-लो गिअर, मात्र दोन्हींचा जवळपास सारखाच, साधारण अडीचपट, त्यामुळं हायलक्सच्या ४२० न्यूटन मीटरला आणि आपल्या ३२० ला चिखलात फार अर्थ नाही, तो फरक चोर्ल्याच्या चढावर ट्रक ओव्हरटेक करताना कळतो. वजनाला पण हायलक्स जास्त आहे, आणि खरोखर खोल चिखलात वजन आपलं वैरी असतं.

म्हणजे तुमच्यासाठी हायलक्सचा खरा फायदा एकच, डिफ-लॉक. आणि तो तुमच्या व्ही-क्रॉसला बाहेरून बसवता येतो, त्याला लॉकर म्हणतात. लाखाच्या वर खर्च जातो, बसवणारा माणूस जाणता लागतो, पण टायर, लॉकर, मागचे पाटे नवीन, बुश, शॉकअप सगळं धरलं तरी १३ लाखाच्या जवळपास पण जात नाही. मोठाले टायर किंवा गाडी खूप उंच करायच्या नादाला लागू नका, इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी बोट तिथंच ठेवतो. आणि पुढं लोखंडी बुल-बार घालायचा मोह असेल तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्यानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय.

बरं, आता पैशाचं, कारण इथंच खरी गंमत आहे आणि गोव्याचा माणूस ते तुम्हाला सांगणार नाही. १३ लाख हा आकडा अर्धाच आहे. गाडी गोवा पासिंग. तुम्ही राहणार खानापुरात, गाडी इथंच फिरणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणं बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की तिथं नव्यानं नोंदणी करून घ्यावी लागते, म्हणजे बेळगावचा केए-२२ नंबर, म्हणजे कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स. आणि कर्नाटकचा टॅक्स देशात चढ्यातला. २० लाखाच्या वरच्या खाजगी गाडीला १८ टक्के, आणि त्या टॅक्सवर परत ११ टक्के सेस. नवीन ३० लाखाच्या गाडीला हे मिळून सहा लाखाच्या घरात जातं. गाडीच्या वयाप्रमाणं ते कमी करून लावतात, तरी तुमच्या खिशातून काही लाख जाणारच. गोव्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो असं म्हणतात सगळे, पण त्यासाठी किती चपला झिजतात ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. आपल्या सीमाभागात एमएच-०९ किंवा जीए पाटीवर वर्षानुवर्षं गाड्या फिरतात हे मला पण माहितीये, अर्ध्या बेळगावला माहितीये. पण तीस लाखाची मोठी पांढरी पिकअप लपत नाही हो, आरटीओच्या तपासणीत ती लांबूनच दिसते, आणि मग दंड धरून टॅक्स भरायचा. तुमची स्वतःची गाडी केए-२२ आहे, टॅक्स भरून मोकळी आहे आणि आरसी २०३२ पर्यंत चालते. ती हातातली गोष्ट सोडून तुम्ही टॅक्स बाकी असलेली गाडी घेताय, हे हिशोबात धरा.

दुसरं गोव्याच्या गाडीचं. ती समुद्राकाठी उभी असते. हायलक्सवाला हौशी असेल तर मोरजी-आश्वेकडं वाळूत घातली असणार, फोटो पण टाकलेले असतील, शोधा जरा. खारं पाणी चॅसीच्या पोकळ पट्ट्यांत शिरलं की बाहेरून रंग झकास आणि आतून गंज. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैशाची बोलणी पण करू नका. चॅसीच्या भोकात बोट घालून बघा वाळू निघते का. मागच्या डिफरन्शियलचा आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारा डबा) प्लग काढून ऑइल बघा, दुधाळ असेल तर पाणी गेलंय, सरळ परत या. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबर फाटलेत का, प्रोपेलर शाफ्ट हातानं हलवल्यावर खेळ आहे का. फोर-लो आणि डिफ-लॉक मातीवर नेऊन लावून बघा, कोरड्या डांबरीवर लावून वळवायचं नाही, दिवा नुसता लुकलुकत राहिला तर कुठंतरी अडकलंय. त्याचा मालक कंटाळून देतोय का काहीतरी लपवून देतोय ते या अर्ध्या तासात कळतं.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. प्रदूषणाच्या नियमात तुमची गाडी बीएस-४ आहे, हायलक्स बीएस-६, तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. तो गरम होऊन आतली काजळी जाळायला गाडी मधूनमधून सलग वेगात चालावी लागते. तुम्ही घर ते बाग, बाग ते घर असं हळूहळू कच्च्या रस्त्यानं चालवणार, आठवड्यात एकदा सुद्धा हायवेला गाडी नेली नाही तर डीपीएफचा दिवा पेटत राहील. आठवड्याला बेळगावला किंवा धारवाडला एक चक्कर असेल तर प्रश्न नाही. सर्व्हिसचं मात्र हायलक्सच्या बाजूनं बोलायला पाहिजे, तिचं २.८ चं इंजिन फॉर्च्युनरचंच आहे आणि फॉर्च्युनर आपल्याकडं गल्लीगल्लीत झालीय, त्यामुळं त्या इंजिनाला हात लावणारे मेस्त्री सहज मिळतात. आपल्या २.५ इसुझूला बघणारा माणूस शोधून ठेवावा लागतो, सुट्या भागाला पण थांबावं लागतं. हा त्रास मी भोगतोय, तुम्ही पण भोगत असणार.

आणि एक विचारायचं राहिलं, हौद्यात टाकता काय तुम्ही? काजूची पोती, खताची पोती, मजूर? कारण दोन्ही गाड्या कागदावर अर्ध्या टनाच्या आतल्याच आहेत, रांगड्या दिसतात म्हणून लोक टनभर भरतात आणि मग मागचे पाटे उलटे झाले म्हणून रडतात. ओझं हाच मुख्य मुद्दा असेल तर दोन्हींचा नाद सोडा, एक फोर-व्हीलवाली बोलेरो कॅम्पर घ्या बागेसाठी. पिवळी पाटी होईल, आरामाच्या नावानं शून्य आहे, घाटात पंच्याहत्तर हॉर्सपॉवर कमी वाटेल, पण टनाचं ओझं वाहते आणि बिघडली तर जांबोटीच्या नाक्यावर पण दुरुस्त होते. व्ही-क्रॉस मग घरच्यासाठी ठेवा. तसंही सव्वापाच मीटरची गाडी घेऊन गणपत गल्लीत किंवा रविवार पेठेत बाजाराला जाणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे, हायलक्स घेतली तरी ते काही सुटत नाही, लांबीला दोन्ही सारख्याच.

मग हायलक्स घ्यायचीच कधी? घरातल्या लोकांना घेऊन महिन्याला पुणे-गोवा असं लांबचं जाणं असेल, जुन्या गाडीचा क्लच, टर्बो, इंजेक्टर हे एकामागोमाग मोठे खर्च दारात उभे असतील, किंवा तुमची पाणंद खरोखरच चाकोऱ्यांचीच असेल आणि बाहेरून लॉकर बसवणं तुम्हाला पटत नसेल. यातलं एकच कारण असेल तर थांबा, दोन-तीन जमली तर बोलायला हरकत नाही. आणि एक करा, त्याला म्हणा गाडी एक दिवस घेऊन ये, जांबोटीपर्यंत, तू शेजारी बस, मी माझ्याच पाणंदीत चालवून बघतो. भीमगडच्या जंगलात मात्र ट्रायल घ्यायला जाऊ नका, ते २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत गाडी घातली तर गाडी पण जप्त आणि सौदा पण राहिला.

सौदा करायचाच झाला तर १३ वर हो म्हणू नका. कर्नाटकचा टॅक्स किती बसतो ते आरटीओत आधी विचारून तो आकडा वरच्या रकमेतून वजा करूनच बोला, आणि गोव्याच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ त्यानं काढून द्यायची ही अट घाला, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ पण. एनओसी हातात आल्याशिवाय तुमच्या गाडीच्या फॉर्म २९-३० वर (मालकी बदलाचे अर्ज) सही करू नका, दोन्ही बाजूचे कागद एकाच दिवशी. तुमच्या जुन्या इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर देऊन टाकू नका, तो माणसाचा असतो, सर्टिफिकेट मागून घ्या, हायलक्सच्या पॉलिसीला लावता येतो, आणि एवढ्या महाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) प्रीमियमला पन्नास टक्क्यांपर्यंत सूट म्हणजे लहान रक्कम नाही. तो या अटींना तयार नसला तर तुमची व्ही-क्रॉस घेऊन टायरवाल्याकडं जा, जून यायच्या आत.