ऊसतोड कामगाराच्या मुलाला बारावीनंतर पुण्यात शिकायचे आहे. राहण्याजेवणासाठी कोणती संस्था मदत करते?

पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समितीकडे अर्ज करावा. ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींची अल्प दरात राहण्याजेवणाची सोय करणारी ही संस्था डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केली आणि तिथे ‘कमवा व शिका’च्या आधाराने शिक्षण पुरे करता येते. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात शिकवत असल्याने मी असे अर्ज भरून देतो, आणि हुशार मुलांचेही अर्ज बहुधा उत्पन्नाच्या दाखल्यापाशी अडतात, कारण त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि त्या सुमारास आईवडील अनेकदा ऊसतोडीच्या फडातच असतात. ते कोपी (फडाजवळची तात्पुरती झोपडी) मोडून गावी परतले की पहिल्याच आठवड्यात तहसीलमधून नवा दाखला काढावा. मात्र समितीकडील जागा मर्यादित असल्याने प्रवर्गानुसार मिळणाऱ्या शासकीय वसतिगृहाचा अर्जही सोबतच भरावा.