गुलाबी इन्सुलेशनवाली कंपनी दिवाळखोरीत का गेली?

प्रश्न: अमेरिकेत घरांच्या भिंतीत, छतात जे गुलाबी इन्सुलेशन (उष्णता अडवणारं आवरण) भरतात ते बनवणारी ओवेन्स कॉर्निंग ही कंपनी मध्यंतरी दिवाळखोरीत गेली होती म्हणे, ते काचतंतूंमुळे का? आणि रंग गुलाबीच का?

उत्तर: दिवाळखोरी खरी, कारण मात्र वेगळं. आधी कंपनी कशी निघाली ते बघू. १९३२ मधे ओवेन्स-इलिनॉय ही काचेच्या बाटल्या बनवणारी कंपनी, तिथे डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे दोन ठोकळे जोडायला बघत होता आणि हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसून तिचे बारीक तंतू उडाले. ठोकळे राहिले बाजूला. तिथल्याच गेम्स स्लेटर या संशोधकाने तेच तंत्र पुढे नेलं, हवेऐवजी वाफेचा झोत वापरून. उष्णता अडवायचं काम खरं तर काच करतच नाही, तंतूंमधे अडकलेली हवा करते! कॉर्निंग ग्लास वर्क्सही याच्याच मागे होती, मग भांडत बसण्यापेक्षा दोघींनी १९३८ मधे मिळून ओवेन्स कॉर्निंग काढली.

गुलाबी रंग १९५६ चा, इतरांपेक्षा आपला माल वेगळा दिसावा म्हणून, बाकी त्याचा काही उपयोग नाही. पण १९८५ मधे कोर्टाने नुसत्या रंगालाही ट्रेडमार्क मिळू शकतो असं मान्य केलं, अमेरिकेत असं पहिल्यांदाच झालं. पिंक पँथर हे गुलाबी कार्टून पात्र जाहिरातीत आलं ते १९८० पासून. मार्केटिंगवाले हुशार, दुसरं काय.

आता मुख्य भानगड. गरम पाइपांवर बसवायचं 'केलो' नावाचं इन्सुलेशन ओवेन्स-इलिनॉय बनवायची, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असं तंतुमय खनिज. १९५८ मधे तो धंदा ओवेन्स कॉर्निंगने चक्क विकत घेतला, म्हणजे जन्मदात्या कंपनीकडूनच हे दुखणं घरात आणलं, आणि अ‍ॅस्बेस्टॉसवालं केलो १९७२ पर्यंत विकलं. अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार दिसायला वीस-तीस वर्षं सहज जातात, त्यामुळे दाव्यांचा ढीग लागला तो माल बंद होऊन बराच काळ लोटल्यावर. ऑक्टोबर २००० मधे दिवाळखोरीचा अर्ज, २००६ मधे बाहेर, पीडितांच्या भरपाईसाठी वेगळा ट्रस्ट काढून. माझ्या मते एका खरेदीची इतकी किंमत फार थोड्या कंपन्यांनी मोजली असेल.

प्रश्न: मग या गुलाबी काचेच्या लोकरीतही अ‍ॅस्बेस्टॉस असतं का?

उत्तर: नाही, ती काच आहे, अंगाला लागली तर खाज सुटते एवढंच, हातमोजे आणि मास्क घालून काम करा. जुन्या इमारतीतल्या पाइपांवरचं कडक पांढरं आवरण मात्र स्वतः फोडू नका, आधी नमुना लॅबमधून तपासून घ्या, नुसतं बघून कळत नाही.